तळ्याची हमी

म्हैसुरात गोदावरीबाई मोहित्यांना चेहऱ्याने ओळखणारे थोडे, पण आवाजाने ओळखणारे खेडोपाडी होते. पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, तेव्हापासून घरात मराठी चालत आलेली. पण बाईंचं सारं आयुष्य गेलं रेडिओवर कानडीतून शेतकऱ्यांशी बोलण्यात. भातावर रोग पडला, गाय आटली, की लोक पत्र टाकायचे. उत्तर माहीत नसलं तर बाई सरळ सांगायच्या, "विचारून उद्या सांगते." आणि दुसऱ्या दिवशी न चुकता सांगायच्या. म्हणून त्या सगळ्यांच्या रेडिओअक्का झाल्या.

निवृत्तीनंतर बन्नीमंटपच्या घरी त्यांना विचारायला कोणी येईना. हे त्यांना लागायचं, पण त्या बोलून दाखवत नसत. त्यामुळे जाहिरातपट काढणारा भाचा शरत काम घेऊन आला, तेव्हा त्यांनी चहाआधीच चष्मा शोधला.

"अत्ते, एच. डी. कोटेकडे लिथियमची खाण येतेय," शरत म्हणाला. "विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना लागतं ते. गावात दाखवायला फिल्म केलीय. तुझा आवाज हवा, अष्टे, एवढंच."

बाईंनी मजकूर वाचला. एका ओळीवर त्या थांबल्या. "'गावच्या तळ्याला धक्का लागणार नाही.' हे कुणी बघितलंय रे?"

"कंपनीनं लिहिलंय म्हणजे बघितलंच असेल. तू सुम्ने, नुसतं वाच गं."

बाईंनी वाचलं. एवढंच नाही, मजकुरात नसलेले आपले जुने शब्दही त्यांनी सुरुवातीला घातले: माझ्या रैतबांधवांनो, तुमची अक्का बोलतेय. ते म्हणताना कितीतरी वर्षांनी त्यांना अंगात जीव आल्यासारखं वाटलं.

पुढे एका दुपारी दारात अनोळखी बाई उभी राहिली. हातात पावट्याच्या शेंगांची पिशवी. नाव केंपम्मा, खाणीच्या गावची. पत्ता विचारत विचारत आली होती.

"अक्का, तुमचे उपकार झाले," ती कानडीत म्हणाली. "गावात नुसती भांडणं चालली होती. काही पोरं सांगत फिरत होती, खाण झाली की तळं आटेल. माझा नवरा त्यांच्यातच होता. मग देवळापुढे तुमची फिल्म लावली. आवाज ऐकला आणि मी त्याला म्हटलं, अक्का खोटं बोलायची नाही. पोरांना आम्ही हाकलून दिलं." मग तिने सहज विचारलं, "तळं राहील ना, अक्का?"

इथे बाईंना जुनं वाक्य म्हणता आलं असतं. विचारून उद्या सांगते. ते ओठांवर आलंही. पण म्हटलं असतं, तर आधी विचारलं नव्हतं हे उघडं पडलं असतं.

"राहील," त्या म्हणाल्या, आणि कॉफी करायला आत गेल्या.  केंपम्मा गेल्यावरही त्यांना त्या शेंगांना हात लावावासा वाटेना.

संध्याकाळी त्यांनी शरतला फोन केला. तो बराच वेळ आढेवेढे घेत राहिला. शेवटी म्हणाला, "तळं खणणार नाहीत, अत्ते. पण खाणीला लागणारं पाणी तिथूनच उचलणार आहेत. धक्का म्हणजे काय, ते ज्यानं त्यानं ठरवायचं."

"तुला माहीत होतं?"

"तू नीट विचारलं नव्हतंस."

ते खरं होतं, आणि बाईंना तेच सोसेना.

खाणीबाबतची जनसुनावणी गावच्या शाळेच्या पटांगणात होती. बाई बसने एकट्याच गेल्या. अधिकाऱ्यांनी विचारल्यावर बाईंनी नाव सांगितलं, तेव्हा आवाज ओळखून मांडवात कुजबुज झाली; लोक माना उंचावून बघू लागले. 

"फिल्ममधला आवाज माझा आहे," त्या म्हणाल्या. "तळ्याचं मला काही माहीत नव्हतं. समोर आलेलं वाचलं. केंपम्मा घरी आली, तिलाही खोटं सांगितलं. खाणीला पाणी तुमच्याच तळ्यातून जाणार आहे."

मागून एक म्हातारा उठला. "माहीत नव्हतं, तर 'तुमची अक्का बोलतेय' असं का म्हणालात?"

 बाई माइकपुढे तशाच उभ्या राहिल्या; शेवटी कोणीतरी माइक काढून घेतला. बायकांमध्ये बसलेल्या केंपम्माने पदर तोंडावर ओढून घेतला होता.

त्या दिवशी गावाने विरोध नोंदवला. खाण काही रद्द झाली नाही. पाण्याची नव्याने पाहणी होईपर्यंत प्रकरण पुढे ढकललं गेलं. शरतच्या फिल्ममध्ये आता दुसऱ्या कोणाचा आवाज आहे.

परतीच्या बसपर्यंत केंपम्माचा नवरा बाईंबरोबर चालत आला.  बस दिसल्यावर तो म्हणाला, "तळ्यासाठी आमची पुन्हा बैठक आहे. याल?"

"येईन. काय बोलू?"

"बोलू नका," तो म्हणाला. "नुसतं बसा."

बाई गेल्या. अजून जातात. मागे, बायकांच्या रांगेत बसतात आणि ऐकतात. केंपम्मा अजून त्यांच्याशी बोललेली नाही.