सकाळी दिसलं, दुपारी बोललो

आमच्या शाळेच्या वाचनालयातली पुस्तकं खिळखिळी झाली की मी ती भिंगदादांकडे नेत असे. त्यांचं खरं नाव आमच्या चर्चच्या मंडळीच्या नोंदवहीत असेल, पण पुस्तकबांधणीच्या कारखान्यात आणि चर्चमध्येही सगळे त्यांना भिंगदादाच म्हणत. केसाएवढी चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पुस्तक हातात घेण्याआधी ते दोन्ही तळवे पँटला पुसत आणि मग पुस्तक असं उचलत, जणू ते झोपलेलं आहे.

ही गोष्ट त्यांनीच मला सांगितली. लिहू का, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "लिहा बाई. फक्त मला चांगला करून दाखवू नका."

त्यांचा साडू त्याच कारखान्यात होता. तो वयाने लहान आणि शिट्टी वाजवत काम करणारा, म्हणून त्याचं नाव शिट्टी पडलं होतं. फर्मे लावायचं काम त्याच्याकडे असे. मोठा कागद छापून, घड्या घालून सोळा पानांचा जो जुडगा होतो तो फर्मा. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक काळा चौकोन छापलेला असतो. पहिल्या फर्म्याचा अगदी वर, दुसऱ्याचा थोडा खाली, तिसऱ्याचा त्याहून खाली. सगळे फर्मे क्रमाने लागले की पुस्तकाच्या पाठीवर काळ्या पायऱ्यांचा तिरपा जिना उतरलेला दिसतो. पायरी चुकली की फर्मा चुकला. पुढे शिलाई होते, मग पाठीला सरस लागतो आणि जिना कायमचा झाकला जातो.

त्या सुमारास जुने मुकादम निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जागी भिंगदादाच येणार, असं भिंगदादांना पंधरा वर्षं वाटत होतं. पण मालक अलीकडे शिट्टीच्या टेबलापाशी जरा जास्त वेळ थांबू लागले होते. मेहुणी, म्हणजे शिट्टीची बायको, एकदा बहिणीला सहज म्हणाली, "ताई, आमच्या ह्यांना बहुतेक वर घेतील." ताईने ते घरी येऊन सांगितलं आणि भाजी चिरायला बसली. त्या दिवशी जेवताना भिंगदादांनी भाजीत मीठ कमी असल्याचं दोनदा सांगितलं.

मग परिचारिकांच्या अभ्यासाच्या पुस्तकाचं काम आलं. सकाळी साडेनऊला भिंगदादा हात धुवायला निघाले आणि शिट्टीच्या टेबलापाशी त्यांचे पाय थबकले. सातव्या फर्म्याच्या जागी आठवा, आठव्याच्या जागी सातवा. तीनशेच्या तीनशे प्रतींत. शिट्टी पाठमोरा उभा राहून शिट्टी वाजवत सुतळी सोडवत होता. तेव्हा सांगितलं असतं तर दोघांनी मिळून तास-दीड तासात फर्म्यांची अदलाबदल करून टाकली असती.

भिंगदादांनी हात धुतले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

शिलाई झाली, सरस लागला. तीन वाजता मालक फेरीला आले तेव्हा भिंगदादांनी एक प्रत उघडली. "मालक, एकशे बाराव्या पानानंतर जरा बघता का?"

पुस्तकं फाडावी लागली, निम्मी वाया गेली. शिट्टीला मागच्या गोदामात खोकी बांधायला पाठवलं. महिन्याभरात भिंगदादा मुकादम झाले. "दादा होते म्हणून वाचलो," मालक चारचौघांत म्हणाले. "परिचारिकेने चुकीचं पान वाचून चुकीचं औषध दिलं असतं तर?" दादांनाही ते पटलं. चूक खरी होती, त्यांनी ती उघड केली होती, यात खोटं काय होतं?

पण दालनात शिट्टी ऐकू येईनाशी झाली तसं त्यांचं मन थाऱ्यावर राहीना. झालेलं काम ते पुन्हा पुन्हा तपासू लागले. मशीन बंद झाली की दचकत. बायको म्हणाली, "मुकादम झालात की पहारेकरी?"

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पाव तास गप्प बसतो, प्रत्येकाने आपलं मन तपासण्यासाठी. त्या शुक्रवारी आमचे धर्मगुरू, पाळक, एवढंच म्हणाले, "काय केलंत ते तुम्हाला पाठ आहे. का केलंत ते आज विचारा."

भिंगदादांची यादी नेहमी तयार असे. बायकोवर खेकसलो, प्रार्थनेत डुलकी लागली, शेजाऱ्याला उगाच टोमणा मारला. एकेक पाप ते मनात ओळीने लावत गेले आणि मधेच थांबले. यादीत एक पायरी नव्हती. बाकीच्या इतक्या नीट लावल्या होत्या, ते ही दिसू नये म्हणूनच. त्यांनी तळवे पँटला पुसले, पुन्हा पुसले.

शनिवारी दुपारी ते साडूच्या घरी गेले. शिट्टी खुर्चीचा पाय ठोकत बसला होता, डोळ्यांवर नवा चष्मा.

"माझ्यामुळे तुला गोदामात जावं लागलं," दादा म्हणाले. "वाईट वाटतं रे. माफ कर."

"तुमच्यामुळे कसं, दादा? चूक माझी. तुम्ही तुमचं काम केलंत." त्याने आत हाक मारली, "अगं, दादांना चहा टाक. माणूस बघ, स्वतःचा दोष नसताना माफी मागायला आलाय."

चहा गोड होता. दादा पाच मिनिटं हलके झाले आणि जिना उतरताना पुन्हा जड झाले. घरी बायकोने विचारलं, "कुठे गेला होतात?"

"माफी मागायला."

"कशाची?"

दादा चपला नीट लावत राहिले.

"ते सांगितलं नसेल तर मागितली नाहीत," ती म्हणाली. "नुसतं कौतुक करून घेऊन आलात."

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ती माझी सख्खी बहीण आहे." एवढंच.

रविवारी सकाळी उपासनेच्या तासभर आधी ते पुन्हा गेले. शिट्टी बुटांना पॉलिश करत होता.

"मला सकाळीच दिसलं होतं," दादा उभ्याउभ्याच म्हणाले. "तुझा जिना मोडलेला."

ब्रश थांबला. "सकाळी किती वाजता?"

"साडेनऊ."

"आणि मालकांना सांगितलंत तीनला."

"तीनला."

"मधे काय करत होतात?"

"तुझी शिट्टी ऐकत होतो." दादा ब्रशकडे बघत म्हणाले. "आणि सरस वाळायची वाट बघत होतो. पुस्तकाची काळजी नव्हती मला. तू वर जायला नको होतास."

शिट्टीने चष्मा काढला. "मुलांसमोर मी स्वतःला आंधळा म्हणत होतो, दादा. डॉक्टर म्हणाले, फारसा नंबर नाही. तरी मी हट्टाने करून घेतला हा." दुसरा बूट त्याने तसाच पायात घातला, पॉलिश न करता.

त्या रविवारी मेजाशी जाण्याची वेळ आली तेव्हा भिंगदादा जागेवरून उठले नाहीत. पलीकडच्या बाकावर शिट्टीही बसून राहिला. मनात तेढ असताना मेजाशी भाकर घ्यायला जाऊ नये, असं आम्ही मानतो. सगळी मंडळी पाहत होती. मीही पाहत होते, आणि तेव्हा मला कारण ठाऊक नव्हतं.

सोमवारी ते मालकांकडे गेले. मालक वैतागले. "चूक त्याची होतीच ना? आता काय उकरून काढताय?"

"चूक एका तासाची होती, मालक. ती तीनशे पुस्तकांची मी केली."

आठवड्याने शिट्टी आपल्या टेबलावर परत आला. दादांचं मुकादमपण गेलं, आणि ते शिट्टीलाही मिळालं नाही. शिलाई विभागातल्या थोरल्या बाई मुकादम झाल्या. त्या दोघांनाही सारखंच झापत आणि कारखाना पूर्वीपेक्षा बरा चालला. दोन साडूंमध्ये मात्र कामापुरतंच बोलणं राहिलं. शिट्टी क्षमा करील की नाही, हा प्रश्न दादांना रोज सकाळी दालनात शिरताना नव्याने पडे. विचारायचा धीर होत नसे. विचारणंसुद्धा आपल्या सुटकेसाठीच असेल, अशी त्यांना भीती वाटे.

चार महिन्यांनी एका सकाळी शिट्टीने लावलेल्या फर्म्यांचा गठ्ठा आणून दादांच्या पुढ्यात ठेवला. "जिना बघा," तो म्हणाला. "आणि दिसलं तर आत्ता बोला."

दादांनी तळवे पुसले. खालून तिसऱ्या प्रतीत चौथा फर्मा उलटा होता, तो त्यांना लगेच दिसला. जीभ मात्र क्षणभर टाळूला चिकटून राहिली. मालक खिडकीपाशी उभे होते. मनात जुनं काहीतरी हललं, ते त्यांना ओळखू आलं.

"चौथा," ते म्हणाले. "खालून तिसरी प्रत. उलटा आहे."

शिट्टीने प्रत ओढली, फर्मा फिरवून बसवला आणि गठ्ठा ठोकून सरळ केला.

"बोलायला किती वेळ लागला तुम्हाला?"

"एक श्वास."

"पुढच्या वेळी अर्धा," तो म्हणाला, आणि गठ्ठा उचलून शिलाईकडे गेला.