तिघांची वजनं

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. धरमपेठेतले ते मुलांचे डॉक्टर फक्त पेशंटशीच बोलत, पेशंट सहा महिन्यांची असली तरी. "काहून वं, वजन वाढून नाही राहिलं?" त्यांनी आमच्या मुलीला विचारलं. मग संशोधनासाठी म्हणून तिला, बायकोला आणि मलाही काट्यावर चढवलं आणि आकडे वहीत लिहिले. चिठ्ठीवर औषध नव्हतं. ‘आईने घरात सगळ्यांच्या आधी जेवावे’ एवढंच होतं. मी हसलो आणि घरी येऊन चिठ्ठी देवाजवळ ठेवली.

महिन्याने पुन्हा तिघांची वजनं झाली. मुलगी तेवढीच, बायको अर्धा किलो कमी, मी दोन किलो जास्त. डॉक्टरांनी चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिलं आणि मुलीला म्हणाले, "सापडला वं माय, तुझा आजार."