जोगळेकरांचा तक्ता

रत्नागिरीत ज्याला आपल्या पोराचं पुढे काय करायचं ते कळत नाही, तो आधी ज्योतिषाकडे जातो आणि तिथेही नाही कळलं तर चारुदत्त जोगळेकरांच्या खिडकीवर येतो. जोगळेकर एका कॉलेजात हेडक्लार्क. काम म्हणाल तर बारावी झालेल्या मुलांना दाखले लिहून देण्याचं. पण नुसता दाखला हातात ठेवून माणसाला वाटेला लावणं त्यांच्या स्वभावात नाही. दाखल्याबरोबर सल्ला फुकट, आणि नको म्हणायची सोय नाही.

सल्ला गेली बावीस वर्षं एकच. "मन घरात ठेवा आणि पोराला विषयाकडे पाठवा." एखादी आई डोळ्याला पदर लावून "लांब जाईल हो पोर" म्हणाली, की जोगळेकरांचा चष्मा कपाळावर चढायचा. "तुम्हाला करमणार नाही म्हणून तिनं विषय सोडायचा? उद्या तुम्हाला झोप येत नाही म्हणून आख्ख्या आळीनं जागायचं का?" मग जोगळेकर कोरा कागद घेऊन तक्ता आखत. दोन कॉलेजं, शंभर गुण. विषयाला चाळीस, शिकवणाऱ्यांना तीस, प्रयोगशाळा आणि ग्रंथालयाला वीस. उरलेल्या दहांत बाकीचं सगळं जग. ज्याला गुण जास्त, ते कॉलेज. भावनेचा रकाना नाही. अर्ध्या तालुक्याची पोरं त्या तक्त्यानं पुण्या-मुंबईला लागली, आणि जोगळेकरांना त्याचा अभिमान होता. तो असायलाही हरकत नव्हती.

मग या जूनमध्ये त्यांची स्वतःची मुलगी बारावी झाली.

स्वानंदीला लहानपणापासून दगडांचं वेड. बाकीच्या मुली भाट्याच्या किनाऱ्यावरून शिंपले आणत, ही गोटे आणायची. सड्यावरचा जांभा दगड असा भोकाभोकांचा का, या प्रश्नावर तिनं वर्षभर बापाचं डोकं खाल्लं होतं. तिला पुण्याच्या एका कॉलेजात भूशास्त्राला जागा मिळाली. रत्नागिरीत, बापाच्याच कॉलेजात, भूशास्त्र नव्हतं, केमिस्ट्री होती. पण घर इथे होतं, आई इथे होती, जिवाची मैत्रीण वैष्णवी इथे होती, आणि रोज संध्याकाळी बापाच्या स्कूटरवर मागे बसून मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत फेरी होती. त्या फेरीत दोघं फारसं बोलत नसत. बोलायची गरज पडत नसे.

जोगळेकरांनी घरी तक्ता आखला. पुण्याला अडुसष्ट, रत्नागिरीला एकेचाळीस. पहिल्यांदाच आयुष्यात त्यांना तक्त्यात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. त्यांनी नवीन रकाने काढले. हवा. पाणी. घाटात दरड कोसळण्याचा संभव, ज्यात पुण्याला शून्य. शेजाऱ्यांची आपुलकी, ज्यात पुण्याला मोठ्या मनानं अर्धा. विषयाचे चाळीस उतरून पंधरावर आले, कारण विषय काय, पुस्तकातूनही शिकता येतो. शेवटी रत्नागिरी त्र्याऐंशी, पुणे बासष्ट.

स्वानंदीची आई मालिनीबाई फणसाचे गरे काढत बसल्या होत्या. तेलाचे हात लांब धरून त्यांनी कागदात डोकावलं.

"अहो, फणसाच्या भाजीला दहा गुण? हा विषय कुठल्या विद्यापीठात असतो?"

"ते पोषण आहे. मेंदूला लागतं."

"पुण्यातल्या लोकांना मेंदू नसतो वाटतं?"

"तुला चेष्टा सुचते आहे. मी शास्त्रीय बोलतोय."

स्वानंदीनं तो कागद बराच वेळ वाचला. मग बापाकडे पाहिलं. जोगळेकर पंख्याकडे पाहत होते.

"आणि केमिस्ट्री म्हणजे तरी काय गो," ते पंख्यालाच म्हणाले, "दगडाच्या पोटातलंच की ते."

"बरं बाबा," ती म्हणाली. "राहते मी."

भांडेल, रडेल, निदान दोन दिवस अबोला धरेल, अशी जोगळेकरांनी तयारी ठेवली होती. ती काहीच कामाला आली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात पेढे वाटले. शिपाई बाबल्यानं दोन खाल्ले आणि जोगळेकरसाहेबांची मुलगी इथेच शिकणार, ही बातमी एसटी स्टँडपर्यंत पोचवली. संध्याकाळी घरी आले तर स्वानंदीच्या खिडकीतले दगड नव्हते. बिस्किटांच्या डब्यात भरून तिनं ते माळ्यावर टाकले होते. जोगळेकरांना वाईट वाटलं. चांगलंच वाटलं. पण पेढे वाटून झाले होते, आणि रत्नागिरीत वाटलेला पेढा कोण परत मागतो!

गुरुवारी सकाळी खिडकीवर गंगा मांडवकर आली. पालीच्या पुढच्या वाडीतली, नवरा मुंबईला कामाला, तेजस्वी नावाची मुलगी गणितात पैकीच्या पैकी. आठवड्यापूर्वीच जोगळेकरांनी अर्धा तास घसा कोरडा करून तिला पटवलं होतं, तक्ता आखून दिला होता आणि पुण्यासाठी तेजस्वीचा दाखला लिहिला होता. तो दाखला आता गंगानं खिडकीतून आत सरकवला.

"ह्यो परत घ्या, साह्यब."

"का? नावात चूक आहे?"

"चूक न्हाय. तुमची पोर हितंच ऱ्हाते म्हनं. बाबल्या बोल्ला. मग हितलंच बरं आसनार. तुमाला आतली खबर आसते. माझी पन नको जायाला."

मागे आठ-दहा माणसांची रांग होती. स्वानंदीही तिच्यात उभी होती, इथल्या प्रवेशाचा फॉर्म भरून. जोगळेकरांनी चष्मा कपाळावर चढवला, तिथून खाली घेतला, पुसला. शनिवारी पुण्याच्या प्रवेशाची मुदत संपत होती. दाखला परत घेऊन फाइलला लावला की काम संपलं असतं. गंगा निवांत मनानं घरी गेली असती. तिच्या चेहऱ्यावर केवढं सुख दिसत होतं! पोर घरी राहणार, आणि वर साहेबांचा आधार. हे सुख जोगळेकर ओळखत होते. चार दिवस तेच खात होते.

"गंगाबाई, दाखला उचला," ते म्हणाले. "आतली खबर वगैरे काही नाही. इथे माझ्या मुलीचा विषयच नाही. मी तिला ठेवून घेतलं."

"का वो?"

रांगेतली माणसं पुढे सरकली. फुकटचं ऐकायला मिळत असेल तर रत्नागिरीकर घाई करत नाही.

"मला करमणार नाही म्हणून," जोगळेकर म्हणाले. "खोटे गुण देऊन ठेवली. फणसाच्या भाजीला दहा दिले."

कुणीतरी हसलं. बाबल्यानं खोकून घेतलं. जोगळेकरांनी कोरा दाखला पुढे ओढला आणि मुलीचं पूर्ण नाव लिहायला घेतलं. वळणदार अक्षरासाठी प्रसिद्ध माणूस, पण 'स्वानंदी'चा काना कुठल्या कुठे गेला.

"बाबा," रांगेतून स्वानंदी म्हणाली, "मी खरंच राहायला तयार आहे."

"माहीत आहे मला. म्हणूनच जा."

तिनं हातातला फॉर्म दोनदा घडी करून पर्समध्ये टाकला. डोळे भरले होते, पण ती रांग सोडून खिडकीशी आली.

गंगा अजून तिथेच होती. दाखल्यावर बोट ठेवून तिनं स्वानंदीला खालपासून वरपर्यंत नीट पाहून घेतलं.

"मना पन न्हाय करमायचं, साह्यब," ती म्हणाली. "तेजूच्या बापाला तर फोनवर सांगाया लागल. पन तुमची जाते ना नक्की? मग दोघींची तिकिटं एकाच गाडीची काढा. माझी येकटी रडत बसंल, तुमची शिकलेली दिसते, समजूत तरी घालंल."

"ही?" जोगळेकर म्हणाले. "ही आधी रडेल."

"बरं," गंगा म्हणाली. "मग माझी घालंल."