उल्कावहिनींची हाळी

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या चर्चमधल्या गॉस्पेल कॉयरमध्ये चाळीस जर्मन आणि एक राहुरीची बाई. उल्का साळवे. मी खालच्या मजल्यावर राहायचो, म्हणून माझ्या उल्कावहिनी. नवरा यशवंत केमिकल कंपनीत. तालमीला मागच्या बाकावर थर्मास धरून बसायचा, गायचा नाही.

अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या काळातलं एक गाणं होतं. एकीनं विचारायचं, ‘कुठं आहेस?’ बाकीच्यांनी म्हणायचं, ‘इथंच आहे, देवा, इथंच.’ मंडळी टाळ्या पिटत, डुलत म्हणायची. एकदा वहिनींनी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये थांबवलंच.

“लग्नातलं गाणं नाय हे. माझी आई उसाचं पाचट काढायला जायची. दाट उसात शेजारची बाई दिसत नाय. मग हाळी द्यायची. ओ आली की समजायचं, बाई धड हाय. ह्या गुलामांचं तर सकाळी शेजारी असलेलं माणूस दुपारी विकलेलं असायचं. देव म्हंजी दुसरं काय? आपल्या हाळीला ओ देणारं कुणीतरी.”

कॉयर चालवणारी हेडविग म्हणाली, “बरं, मग हाळी तूच दे, फ्राऊ साळवे.”

“घरी तेच करते,” मागून यशवंत म्हणाला. “ओ द्यायला मी आहेच.”

२०१६च्या उन्हाळ्यात वहिनींच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. ऑक्टोबरात हॉस्पिटलात त्या म्हणाल्या, “अहो, माझ्या मातीला हाळी तुम्ही द्यायची.”

“मला सूर कुठंय, बाई?”

“उसात कुणाला सूर होता वो?”

दफनभूमीतला हॉल अर्ध्या तासासाठीच मिळाला होता. हेडविग फोन घेऊन आली. त्यात तालमीतला वहिनींचा आवाज होता. “हा लावू? मागून आम्ही गातो.”

यशवंतनं नकाराची मान हलवली. “तिनं मला सांगितलंय.”

शवपेटीसमोर तो उभा राहिला. तोंड उघडलं, आवाज नाही. कॉयर हात खाली सोडून वाट बघत होता. दारातल्या माणसानं घड्याळ बघितलं. शेवटी ना चाल ना गाण्यातले शब्द, बांधावरून मारावी तशी हाक आली, “उल्केऽऽ!”

चाळीस गळ्यांनी ओ दिली. संथ, टाळीशिवाय.

गाणं संपलं. यशवंत मान तिरकी करून तसाच उभा. दार उघडलं, बाहेर पुढच्या अंत्यविधीची फुलं आली होती. मी खांद्यावर हात ठेवला. “चला, भाऊ.”

“थांबा जरा,” तो म्हणाला. “ऊस दाट असला की ओ यायला वेळ लागतो.”