मोगलाईतला घट

देवीवर मी रागावले होते, हे आधीच सांगून टाकते. यजमानांना जालन्याच्या जिनिंग कारखान्यात नोकरी लागली आणि रत्नागिरी सोडून आम्ही निजामाच्या राज्यात आलो. आमच्याकडे त्याला मोगलाई म्हणत आणि म्हणताना नाक मुरडत. मीही मुरडलं. इथे रुपया वेगळा, कचेरीची भाषा वेगळी, पाणी जड, वाऱ्याबरोबर कापसाचे पुंजके घरात. वर्षभर मी यजमानांना एकच विचारत होते, "परत कधी जायचं?"

नवरात्र आलं तेव्हा मी हट्टच धरला, मोगलाईच्या मातीत देवीचं धान्य पेरायचं नाही. येताना परसातली तांबडी माती आणि घरचं धान्य ट्रंकेत बांधून आणलं होतं, त्यातच घट बसवला. नेमका त्याच दिवशी यजमानांना ताप भरला. मुदतीचा ताप. हकीमसाहेब येऊन नाडी बघत आणि "सब्र करो, बेटी" म्हणत. नवरा शुद्धीवर नाही आणि मी म्हणे धीर धरायचा! घटाची रुजवण हा देवीचा कौल, असं आमच्या घरात मानतात. सकाळी उठले की मी आधी घटाकडे बघायची, मग त्यांच्या कपाळाला हात लावायची. कोंब दिसत नव्हता, ताप उतरत नव्हता.

ललितापंचमीला माझा तोल गेला. फुलांची माळ हातात तशीच धरून मी देवीला फैलावर घेतलं. "तुझ्यासाठी माती वाहून आणली, आणि तू इथली हद्द बघून थांबलीस? तुलाही परवाना लागतो का? माणूस न्यायचाच होता तर आपल्या गावात तरी न्यायचा होतास!" ओरडून ओरडून घसा बसला.

तेवढ्यात दार लोटून शेजारच्या भागाबाई आत आल्या. अंबडकडच्या शेतकरी घरातल्या. वर्षभरात मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते. त्यांच्या ओच्यात काळी माती होती, मुठीत गहू.

"बाई, भिंतीपल्याड समदं ऐकू येऊन राह्यलं. म्हनून आले."

त्यांनी घटातला एक दाणा उचलून चिमटीत दाबला. आत नुसता भुगा. "कीड लागल्ती याला. कसा उगवंल?"

"घट हलवायचा नसतो," मी फणकारले.

"बराबर. हलवायचा न्हाईच. पन वरून माती टाकायला कोन नको म्हन्लं?"

आणि मला न विचारता त्यांनी घटाभोवती काळी माती पसरली, गहू पेरला, पाणी शिंपडलं. मग यजमानांच्या उशाशी बसून मला म्हणाल्या, "आता जल्दी दोन घास खा. मी हाय इथं." मला इतका राग आला की रडूच फुटलं. कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले.

पुढे काय झालं ते झालं तसं सांगते. अष्टमीला मातीतून पांढरे कोंब वर आले. त्याच दिवशी यजमानांना घाम फुटला आणि त्यांनी पाणी मागितलं. तापाची मुदत संपली होती, असं हकीमसाहेब म्हणाले. तसंही असेल. मला एवढंच कळतं की देवीला मी हात जोडले नव्हते, नुसती भांडले होते, आणि तिने तेही ऐकून घेतलं. शरण जाणं म्हणजे गप्प बसणं, असं मी समजत होते. पण दार लोटून आलेल्या मदतीला आड न येणं, एवढंही तिला पुरतं.

दसऱ्याला त्यांना तक्क्याला टेकवून बसवलं आणि कानावर कोंब खोवले. ते क्षीण आवाजात म्हणाले, "तुझं ऐकायला हवं होतं. अंगात जरा ताकद आली की नोकरी सोडतो. परत जाऊ."

माझं डोकंच फिरलं. "परत? अहो, ज्या गावाने तुम्हाला उठवून बसवलं, ते सोडून कुठे जायचं परत?"