हळदीकुंकवातली पावडर

परवा रविवारी आमच्याकडे, परभणीत, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. अशा दिवशी घरातल्या पुरुषाला दोनच जागा उरतात... गच्ची किंवा स्वयंपाकघर. गच्चीवर ऊन होतं, म्हणून मी तिळगुळाच्या डब्याची राखण पत्करली.

हिने वाण म्हणून स्टीलच्या डब्या आणल्या होत्या. पण यंदा कॉलनीत गाजलं ते समोरच्या माधुरीवहिनींचं वाण. वहिनी लहान मुलांच्या ट्यूशन घेतात आणि हल्ली जोडीला मुलांच्या वाढीची पावडरही विकतात. आदल्या आठवड्यात त्यांनी प्रत्येकीच्या हातावर त्या पावडरचं एकेक पाकीट ठेवलं. चॉकलेट फ्लेवर... पुढे दंड फुगवलेला मुलगा, मागे मुंगीच्या पायांएवढी इंग्रजी अक्षरं.

आता वाण काही नाकारता येत नाही. मग ज्यांच्या घरी लहान मूल नाही त्यांनी आपापली पाकिटं माझ्या भाचीला, पल्लवीला, नेऊन दिली. तिचा अर्णव चार वर्षांचा आणि अंगाने काडी. "घे बाई, लय बारीक झालंय पोरगं!" आमचं पाकीटही तिलाच जायचं होतं, पण ते पिशवीत राहून गेलं.

संस्कृत पाठशाळेत आम्हाला शिकवलं होतं की विश्वासू माणसाचा शब्द हेही एक प्रमाण, म्हणजे खरं कळण्याचं साधन असतं. मात्र त्या माणसाला त्या विषयातलं कळत असावं, अशी अट होती. आमच्या कॉलनीने प्रमाण घेतलं आणि अट ऑप्शनला टाकली.

मी पडलो बातमीदार. पाकीट पाहून, असल्या गोष्टींवर नजर ठेवणाऱ्या ओळखीच्या एका अधिकाऱ्यांना सहज फोन लावला. ते म्हणाले, अन्न म्हणून विकलं तर एक नियम, औषध म्हणून विकलं तर दुसरा. मी विचारलं, "आणि वाण म्हणून वाटलं तर?"

"साहेब, आता हळदीकुंकवात धाड टाकावी का आमी?"

दोघंही पोटभर हसलो. बातमी काही झाली नाही.

तर रविवारी पल्लवी आली ती उतरलेल्या चेहऱ्यानेच. अर्णवचं पोट दुखत होतं, उलट्याही झाल्या होत्या. रक्तवाढीचं सिरप त्याला आधीपासून चालूच होतं, आता डॉक्टरांनी पोटाचंही औषध दिलं होतं. तो माझ्याजवळ ओट्याला टेकून तिळाची वडी हातात धरून बसला... खात नव्हता. चार वर्षांच्या पोराने गोड नुसतं धरून बसावं, हे काही बरं लक्षण नाही.

सगळ्यांत शेवटी माधुरीवहिनी आल्या, लेकीला घेऊन. तोवर डब्या संपलेल्या. ही घाईघाईने आत आली, इतरांकडून आलेल्या वाणांच्या पिशवीत हात घातला आणि लागलं ते घेऊन बाहेर गेली. अशी पिशवी घरोघर असते, कबूल कुणी करत नाही. हाताला लागलं ते नेमकं वहिनींचंच पाकीट.

मी दाराआडून बघत होतो. वहिनी पाकीट पाहून हसल्या. तेवढ्यात लेकीने ते ओढून घेतलं आणि दातांनी फोडायला लागली.

"ए, थांब! ठेव ते! कुणाकडून फिरत आलंय, कधीचं हाय, बघू तरी दे आधी!"

बोलून झाल्यावर ते वहिनींना स्वतःलाच ऐकू आलं असावं.

पल्लवी हळूच वहिनींना म्हणाली, "काकू, मी नाही बघितलं. सकाळ-संध्याकाळ द्यायलेय अर्णवला."

"आणि ते रक्तवाढीचं सिरप?" वहिनींनी विचारलं.

"ते पण चालूच आहे."

"डॉक्टरांना सांगितलंस का पावडरचं?"

"त्यांनी विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का... मी नाही म्हणाले. हे औषध कुठंय? वाण आहे."

वहिनींनी चष्मा लावला, पाकीट उजेडाला धरलं. "लाव फोन," एवढंच म्हणाल्या. मागची बारीक अक्षरं त्यांनी एकेक करून डॉक्टरांना वाचून दाखवली. बहुधा त्याही ती पहिल्यांदाच वाचत होत्या. पावडरीत लोह होतं, सिरपमध्येही लोहच; पोराच्या पोटात ते गरजेपेक्षा जास्त जात होतं. डॉक्टर म्हणाले, पावडर आत्ता बंद करा आणि पोराला घेऊन या. आपल्या स्कूटीवरून मायलेकांना वहिनींनीच नेलं.

तपासलं. सुदैवाने घाबरण्यासारखं काही निघालं नाही. काल सकाळी अर्णवने वरणात कुस्करलेली भाकरी मागून खाल्ली.

मुलांना अशा पावडरी द्याव्यात का? डॉक्टरांनी गरज पाहून, मापून सांगितल्या तर जरूर द्याव्यात. पोर बारीक दिसतं म्हणून नाही. नियम सरकारनेच करावेत, पाकिटावर मराठीत आणि ठसठशीत अक्षरांत लिहायला लावावं... ती बातमी आता मी हसण्यावारी नेणार नाही. पण कुठलाही अधिकारी आमच्या बैठकीपर्यंत पोचणार नाही, हेही खरं. तिथे कुणालातरी आपलं आपणच थांबावं लागतं.

काल दुपारी माधुरीवहिनी मोठी पिशवी घेऊन कॉलनीत दारोदार फिरल्या. दिलेलं वाण परत मागत. आमच्याकडे असं कुणी कधी केलेलं नाही.

"अगं, वाण परत नेतात का कुठं?" शेजारच्या काकूंनी जिन्यातच गाठलं. "अपशकुन असतो गं."

"असू द्या काकू. तुमचं द्या."

आमचं पाकीट रविवारीच त्यांच्याकडे गेलं होतं. आमच्या दारावरून पुढे निघाल्या तेव्हा मला एखादा टोमणा सुचायला हवा होता, मी त्याबद्दल बदनाम आहे. पिशवी चांगलीच जड झाली होती... ती मी त्यांच्या हातातून घेतली आणि पुढच्या घरापर्यंत त्यांच्यासोबत चालत गेलो.