डाळिंबांनी नेसलेले परकर

आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, पाय मोडला त्याला एक शेळी कारण झाली. कालव्याच्या चारीकडेच्या रस्त्यानं ते मोटारसायकलवर येत होते, शेळी आडवी आली, त्यांनी ब्रेक दाबला. शेळीला काही झालं नाही. शिरूरच्या डॉक्टरांनी आबांच्या उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि ते निघेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही म्हणून बजावलं. शिक्षा आबांना झाली असं सगळ्यांना वाटलं. खरी झाली ती मला आणि आत्यांना. सासूबाईंना मी आत्या म्हणते.

तोवर आबा घरात दिसायचे ते जेवायला आणि झोपायला. आता ते दिवसभर पडवीत खाटेवर. पाय उशीवर आणि नजर आमच्यावर. भाकरीला पीठ किती घ्यावं, झाडू कुठून कुठं मारावा, दूध कसं तापवावं, या सगळ्यावर त्यांची मतं होती आणि ती त्यांना आत्ताच सुचली होती. आत्यांनी थोडे दिवस ऐकून घेतलं. मग एका सकाळी म्हणाल्या, "इतकी वर्सं उपाशी ठिवलं का मी तुम्हाला? मग आता कशाला शिकविता?" एवढं बोलून त्या गोठ्याकडं गेल्या त्या दुपारपर्यंत आल्या नाहीत.

मी कुठं जाणार? माझं शिलाई मशीन त्याच पडवीत. लग्नाआधी मी शिरूरला शिवणक्लास केलेला, त्यामुळं आमच्या निमोणे गावातल्या बायकांचे ब्लाउज आणि फॉल-पिको माझ्याकडं येतं. नवरा कुरकुंभच्या केमिकल कंपनीत, शिफ्टमध्ये. दौंडला मित्रांबरोबर खोली करून राहतो आणि सुट्टीला घरी येतो. त्याला फोनवर गाऱ्हाणं सांगितलं तर म्हणाला, "त्यांना काहीतरी काम दे. रिकामा माणूस म्हणजे गळका व्हॉल्व्ह. आज थेंब, उद्या धार."

म्हणून मी बटणांचा डबा आबांच्या पुढ्यात ओतला आणि म्हटलं, "आबा, जरा निवडून द्या." त्यांनी ती आधी रंगानं निवडली, मग आकारानं, मग दोन भोकांची वेगळी आणि चार भोकांची वेगळी. दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, "आज काय हाय?"

मी सुया दिल्या. दोरा काही केल्या ओवला जाईना. चष्मा वर केला, खाली केला, दोरा तोंडात घालून ओला केला, आणि शेवटी सुईचंच भोक बुजलंय असं जाहीर केलं. मग मी त्यांना आमच्या क्लासच्या बाईंनी शिकवलेलं दाखवलं. दोऱ्याचं टोक तिरकं कापायचं, ओल्या साबणावरून एकदा ओढायचं म्हणजे ते ताठ उभं राहतं, आणि सुईच्या मागं पांढरा कागद धरायचा म्हणजे भोक दिसतं. पहिल्याच झटक्यात दोरा पार गेला. आबांनी सुईकडं असं बघितलं, जसं काही बोअरला पाणी लागलंय. त्या दिवशी घरातल्या सगळ्या सुया त्यांनी ओवून ठेवल्या, गोणी शिवायच्या दाभणासकट.

उसवायचं काम मी दिलं ही मात्र घाई झाली. एका शेजारणीचा जुना ब्लाउज ढिला करायचा होता, तो उसवायला दिला आणि भाजी टाकायला आत गेले. बाहेर आले तर जुना ब्लाउज तसाच आणि शेजारी हूक लावून, घडी घालून ठेवलेला तिचाच नवा कोरा ब्लाउज पार सुटा झालेला. बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, अस्तर वेगळं.

"लई घट्ट टाके घालतीस तू," आबा म्हणाले. "नख दुखलं माझं."

मला रडावं की हसावं कळेना. ती शेजारीण संध्याकाळी यायची होती. मी जेवण आत्यांवर सोडून तो पुन्हा शिवला आणि आबा खाटेवरून माझ्या हातांकडं बघत राहिले. एरवी त्यांनी सूचना केल्या असत्या. त्या दिवशी एकही नाही. मला वाटलं, ओशाळले असतील. तसं नव्हतं. ते शिकत होते.

हे कळलं ते पुढच्या शनिवारी. मी अस्तराचं कापड आणायला एसटीनं शिरूरला गेले होते. परत आले तर आबा माझ्या मशीनवर बसलेले आणि आत्या चार हात लांब उभ्या, हातात झाडू, साप निघाल्यावर धरतात तसा. माझ्या मशीनला मोटर आहे, पायाखाली पेडल. आबांनी डाव्या पायानं ते दाबलं होतं, ट्रॅक्टरचं ॲक्सिलरेटर दाबतात तसं, पूर्ण. पिशवी शिवायला घेतली होती. पिशवी शिवली गेली होती आणि तिच्याबरोबर त्यांच्या सदऱ्याची डावी बाहीसुद्धा.

"कवापासून बसलेत असे?" मी आत्यांना विचारलं.

"तू गेल्यापासनं. मी म्हणलं सोडविते, तर म्हणत्यात कापड फाटंल, तिलाच येऊ दी."

मी आबांना पिशवीतून उसवून काढलं. त्यांनी बाही नीट केली आणि म्हणाले, "ब्रेक कुठं हाय ह्याला?"

ब्रेक म्हणजे पाय उचलणं, हे त्यांना पटायला वेळ लागला. पण एकदा पटल्यावर माणूस थांबेना. सरळ टीप यायला लागली. कापडावर खूण करायला खडू नव्हता तर त्यांनी न्हाणीतल्या साबणाचा झिजलेला तुकडा सुकवून घेतला. तो खडूपेक्षा बरा चालतो, धुतला की जातो. माझी कात्री बोथट झाली तर कुठंतरी ऐकून पॉलिश पेपरचे तुकडे कापत बसले आणि खरंच तिला धार आली. पण टाचण्या उचलायला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं तेव्हा कळलं की स्पीकर जुना नव्हता.

मग घराची शिलाई सुरू झाली. नवऱ्याच्या विटलेल्या युनिफॉर्मच्या पँटच्या पिशव्या झाल्या. पाय कापून तळ शिवला, कमरेला नाडी घातली, झाली बियाण्याची पिशवी. जुन्या शर्टाचे खिसे कापून चार्जिंगच्या बटणाजवळ टांगले, मोबाईल ठेवायला. रिमोटला खोळ आली, मिक्सरला आली, फ्रिजच्या दांडीला आली, दुधाच्या किटलीला झबलं आलं. आत्या म्हणायच्या, "एका जागी लई वेळ बसू नगं बाई, तुला बी खोळ घालत्याल."

एप्रिल लागला आणि डाळिंबाची काळजी सुरू झाली. आमची बाग रस्त्याला लागून आहे. उन्हाळ्यात फळ उघडं राहिलं की एका बाजूनं भाजतं, काळा डाग पडतो, व्यापारी हात लावत नाही. म्हणून आमच्याकडं झाडांवर जुन्या साड्या टाकतात. पण वारा सुटला की साड्या उडतात आणि माणसं त्यांच्यामागं पळतात. आबांनी यावर विचार केला. मला बोलावून म्हणाले, "साडी टाकायची कशाला? परकर शिवायचा झाडाला. खाली नेफा, नेफ्यात नाडी, बुंध्याला गाठ. बघू कसा उडतोय."

मला कल्पना आवडली. अर्धी साडी एका झाडाला पुरत होती. आत्यांना विचारलं तर त्या कणीक मळता मळता म्हणाल्या, "कॉटखाली जुन्या साड्यांचं गठुडं हाय, घ्या त्यातनं."

कॉटखाली दोन गाठोडी होती. एकात खरोखरच विरलेल्या साड्या. दुसऱ्यात आहेराच्या. लग्नाकार्यात आलेल्या, कधी न नेसलेल्या, पुढच्या कुणाच्या तरी कार्यात द्यायच्या म्हणून घडी न मोडता ठेवलेल्या. प्रत्येक घरात असं एक गाठोडं असतं आणि त्यातल्या साड्या गावोगाव फिरतात. आबांनी हाताला आलं ते ओढलं. कापड चांगलं निघालं म्हणून त्यांना आनंदच झाला. मी तेव्हा लग्नसराईच्या ब्लाउजमध्ये बुडालेली. मशीन मोकळं झालं की त्यांना बॉबिन भरून देत होते, त्यापलीकडं लक्ष नव्हतं. आत्या दिवसभर शेतात. गड्यांनी परकर नेऊन झाडांना बांधले.

बातमी आणली ती आत्यांच्या जाऊबाईंनी. त्या रस्त्यापलीकडं राहतात. दारातूनच म्हणाल्या, "आमच्या थोरलीच्या लग्नातली आहेराची साडी तुमचं डाळिंब नेसलंय की. शोभती हां. तुम्ही कवा नेसला न्हाईत ते बरंच झालं."

आत्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि तडक बागेकडं गेल्या. मी मागं. रस्त्याकडेची ओळ लग्नाच्या मांडवात बसलेल्या बायकांसारखी दिसत होती. मोरपंखी, राणी, अबोली, जरीचे काठ उन्हात चमकतायत. आत्या एकेका झाडाशी थांबत गेल्या. ही भावजयीची, ही विहिणीची, ही सरपंचाच्या घरची. त्यांचा राग मला दिसत होता आणि मी हसू दाबत होते. मग एका झाडाशी त्या थांबल्या आणि परकराचा काठ हातात धरून उभ्या राहिल्या. त्या झाडाचा आणि शेजारच्याचा परकर पोपटी होता, कंपनीतल्या सेफ्टी जाकिटाचा असतो तसा, आणि त्याला नारिंगी काठ.

घरी येऊन त्यांनी आबांना एवढंच विचारलं, "ती पोपटी कुणी आणलेली, आठवतंय का?"

"कुठली पोपटी?" आबा म्हणाले. "कुणाच्या तरी आहेरातली असंल."

त्यानंतर आत्यांनी बोलणं बंद केलं. ताट वाढायच्या, पाणी द्यायच्या, पण मुक्यानं. आबा मला विचारायचे, "एवढ्या साड्या व्हत्या, त्यातल्या चार गेल्या तर काय झालं?" मला तरी कुठं माहीत होतं? शेवटी एकदा शेंगा फोडताना मी आत्यांनाच विचारलं.

"लई वर्सांमागची गोष्ट," त्या म्हणाल्या. "ह्यांनी शिरूरला कांदा नेला व्हता. येताना ती साडी घिऊन आले. कुणी सांगितलं नव्हतं, सण न्हाई, काय न्हाई. मला रंग बघून असं हसू आलं... कशी नेसायची? बाया म्हणल्या असत्या बुजगावणं चाललंय. पण टाकली बी न्हाई, आहेराच्या गठुड्यात ठिवली. त्या माणसानं आपल्या मनानं आणलेली तेवढी एकच."

मी आबांना सांगितलं. तोवर प्लास्टर निघालं होतं आणि ते काठी घेऊन अंगणात फेऱ्या मारत होते. ऐकून खाटेवर बसले. बराच वेळ काठीनं जमिनीवर रेघा ओढत राहिले.

"म्या आणली व्हती व्हय," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "मग कवा नेसली का न्हाई?"

"ते तुम्हीच विचारा."

ते विचारायला गेले नाहीत. उसवायचं हत्यार खिशात टाकून बागेत गेले. गड्याला हात लावू दिला नाही. दोन्ही झाडांखाली गोणपाटावर बसून नेफ्याचा एकेक टाका काढला. दुपारी घरी आले ते साडीचे दोन तुकडे खांद्यावर टाकून, कपाळ घामानं भिजलेलं. आत्या चुलीपुढं होत्या. तुकडे त्यांच्या शेजारी ठेवून आबा म्हणाले, "ऊन लागून रंग उतरलाय. आता जरा बरी दिसती."

आत्यांनी तुकडा उलगडला. तो खरंच उतरला होता. वरच्या अंगानं पोपटी जाऊन कोवळ्या चिंचेच्या पाल्यासारखा फिका झाला होता. आत्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. त्यांचे खांदे हलत होते. मग आवाज आला तेव्हा कळलं, हसतायत. आबांनाही कळलं आणि ते काठी विसरून तिथंच खाली बसले.

"नेसता येणार न्हाई आता," आत्या म्हणाल्या. "दोन तुकडं केलंत."

"गोधडी करू."

गोधडीवरून पुन्हा भांडण झालं, पण ते बोलून झालं. आबांना ती मशीनवर शिवायची होती. आत्यांचं म्हणणं, मशीनची गोधडी फळकुटासारखी होते, अंगाला लागत नाही, हाताचा धावदोराच पाहिजे. शेवटी थर जोडून कडा आबांनी मशीनवर मारल्या आणि मधले धावदोरे आत्यांनी घातले. कड एका बाजूला चांगली बोटभर वाकडी गेलीय. आत्यांनी ती उसवली नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

त्या मोसमात परकराखालची फळं एकसारखी लाल निघाली. ते बघून जाऊबाई त्यांच्या बागेसाठी परकर शिवून घ्यायला आल्या, साड्यांचं गाठोडं घेऊन. आत्यांनी गाठोडं सोडलं आणि एकेक साडी हातानं चाळली. मधेच थांबल्या. स्वतः दिलेली साडी ओळखू येणारच. जाऊबाई छपराकडं बघायला लागल्या. ती साडी आत्यांनी आबांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही आधी घ्या शिवायला."

आता आबांचा पाय बरा आहे. सकाळी ते शेतात असतात. दुपारचं जेवण झालं की मी मशीनवरून उठते आणि ते बसतात, असं आमच्यात न बोलता ठरलंय. परवा गावातली एक नवी सून नमुन्याचा ब्लाउज घेऊन आली आणि पडवीत फक्त आबा दिसले म्हणून दाराशीच घुटमळली. आबांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं.

"फॉल आसंल तर ठिव," ते म्हणाले. "बिलाउज तिच्याकडं."